माकडं नसलेली सोनारी

सोनारीला मी यंदा पहिल्यांदा गेलो. वाक्य साधं आहे, पण ते लिहिण्याआधी मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो. कारण सोनारीच्या काळभैरवाच्या यात्रेची वर्णनं मी गेली पंधरा-सोळा वर्षं सांगत आलो आहे. रथ, गुलाल, चांगभलं, सगळं. ऐकणाऱ्यांना ती आवडत असत. त्यांत खोट एवढीच होती की मी त्या गावाची वेससुद्धा पाहिलेली नव्हती.

आता सगळं सांगायचंच ठरवलं आहे, तर सुरुवात आमच्या नोकरीपासून करतो. मी पुण्याजवळच्या एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंप चालवतो. पाण्याला सुट्टी नसते. उलट सणाच्या दिवशी गाव पहाटे उठून नळाखाली बसतं, तेव्हा आम्हाला दोन तास आधी पंप सुरू करावे लागतात. कॅलेंडरातले लाल आकडे आमच्यासाठी जास्त कामाचे दिवस असतात. म्हणून आमच्या केंद्रात सणांची वाटणी चाले. दिवाळी, गणपती, पाडवा ही पाळी बशीर तांबोळी करायचा. दोन्ही ईदच्या पाळ्या मी करायचो. गुड फ्रायडे आणि महावीर जयंतीला आमच्यात ना कुणी ख्रिस्ती ना कुणी जैन, त्यामुळे त्या सुट्ट्यांवर सगळ्यांचीच सारखी भक्ती होती आणि भांडणंही तिथंच व्हायची. माझी आणि बशीरची वाटणी मात्र कधी बिघडली नाही.

सोनारीचा काळभैरव हे आमचं कुलदैवत. वडील होते तोवर चैत्रातल्या यात्रेला ते जायचे. ते गेल्यावर पहिल्याच वर्षी मी बशीरला म्हणालो, यंदा मला जायला हवं. तो एका शब्दाने पाळी घ्यायला तयार झाला. सोनारी त्याच्याच जिल्ह्यातली, धाराशिवची. मी पिशवीसुद्धा भरली होती. पण सकाळी जाग आली तेव्हा बायको शाळेत शिकवायला गेली होती, मुलं त्यांच्या शाळेत. घर रिकामं, डोक्यावर पंखा, आणि त्या दिवशी माझ्याशिवाय जगात कुणालाच सुट्टी नव्हती. दिवाळीत सुट्टी मिळाली तरी घरात पंधरा माणसं असतात. अशी सुट्टी मला जन्मात मिळाली नव्हती. मी कूस बदलली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी बशीरने विचारलं, कशी झाली यात्रा. मी म्हणालो, छान. गोष्ट तिथंच संपली असती, पण बशीरची आई मूळची सोनारीकडची. तिचे वडील मणेर (बांगड्या भरणारे) होते आणि यात्रेत चिंचेच्या झाडाखाली त्यांचं दुकान लागायचं. तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती तेरला गेली, नंतर माहेर उरलं नाही, सोनारी सुटली. तिने फोनवरून लेकाला विचारायला लावलं, ती चिंच आहे का अजून. आता नाही म्हणायला मला कळायला तर हवं. मी म्हणालो, आहे की. मोठी झालीय.

मग दर वर्षी चिंच थोडी वाढत गेली. एका वर्षी मी तिला पार बांधला. एका वर्षी खाली रसाचा गाडा उभा केला. पाळीवर जाताना कॉलरला चिमूटभर गुलाल लावून जायचो. बायको म्हणायची, "पावलं का कुलदैवत पंख्याखाली?" मी उत्तर देत नसे. आमच्या घरात कमी बोलणारा म्हणून माझी ख्याती आहे. त्या ख्यातीचा मला उपयोग झाला.

यात वाईट भाग असा, की तीनेक वर्षं ही यात्रा रमजानात आली. ते चुकणारं नव्हतं, ईद काय आणि यात्रा काय, दोन्ही एकाच चंद्रावर चालतात. त्या वर्षांतही बशीरने माझी पाळी केली. उन्हाळ्यात, कडक रोजा ठेवून, स्वतःची एक आणि माझी एक अशा सलग दोन पाळ्या. मी देवाला जाणार म्हणून. त्यांतल्या एका दिवशी मी दुपारी आमरस खाल्ला होता.

बशीर निवृत्त होऊन गावी, तेरला गेला. मागच्या दोन ईदना त्याचा फोन आला, शिंदे, आता तरी ये, आता माझी पाळी करायची सबब न्हाय तुझ्याकडं. यंदा मी रजा टाकली आणि निघालो.

धाराशिवच्या स्थानकावर दुपारी उतरलो. वळणावरच्या दुकानातून गुलाबजाम घेतले, कारण धाराशिवला येऊन गुलाबजाम न घेणं हा गुन्हा आहे असं बशीरने मला नोकरीभर ऐकवलं होतं. तेरच्या गाडीत माझ्या शेजारी एक शेळी होती. शेळीचा मालक म्हणाला, अस्सल उस्मानाबादी आहे. मागच्या बाकावरच्या तरुणाने लगेच दुरुस्ती केली, आता धाराशिव म्हणायचं मामा. मालक शांतपणे म्हणाला, गावाचं बदललंय, शेळीचं अजून आदेश आला न्हाय. कंडक्टर हसत हसत पुढं गेला. शेळीने माझ्या पिशवीचा बंद चावायला घेतला होता, तो मी सोडवून घेतला.

गाडीत ईदचीच चर्चा. चंद्र आज दिसतो का उद्या. कॅलेंडरात सुट्टी दुसऱ्या दिवसाची छापलेली, म्हणजे आज दिसायला हवा. एक शेतकरी म्हणाला, सुट्टी छापताना चंद्राची सही घेतली होती का कुणी.

बशीर तेरच्या थांब्यावर उभा होता. पांढरा सदरा, दाढी आता पूर्ण पिकलेली. त्याने माझी पिशवी घेतली आणि थांब्यावर जेवढे लोक होते तेवढ्यांना सांगितलं, हे आमचे शिंदे, दर वर्षी सोनारीला जातात, सोडत न्हाईत. मी बुटाकडे पाहत राहिलो. लोकांना तो विनय वाटला.

संध्याकाळी त्याच्या घराच्या गच्चीवर गल्ली जमली होती. पश्चिमेला तेरणा नदीच्या बाजूने ढगांची एक आडवी पट्टी होती आणि सगळ्यांची नजर तिच्यावर. पोरांना दर मिनिटाला चंद्र दिसत होता, मोठ्यांना एकदाही दिसला नाही. ढग हलले तेव्हा अंधार झाला होता. मशिदीतून कळलं, कुठूनच गवाही (चंद्र पाहिल्याची साक्ष) आली नाही, उद्या रोजा. बशीरच्या सुनेने दूध आटवायला ठेवलं होतं, ते उतरवलं. मी आणलेले गुलाबजाम कपाटात गेले.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी तेरमध्ये गंमत झाली. सरकारी सुट्टी होती आणि सण नव्हता. बँक बंद, शाळा बंद, आणि गावातले मुसलमान रोजा धरून शेतात. मी जुन्या मूर्ती, खापरं बघायला वस्तुसंग्रहालयाकडे गेलो, तर तेही ईदनिमित्त बंद. तिथल्या सावलीत बसलेला एक रखवालदार म्हणाला, उद्या या, उद्या ईद आहे, चालू असतं. मग त्रिविक्रमाच्या विटांच्या देवळात बसलो. दोन हजार वर्षांचं गाव आहे हे. सातासमुद्रापलीकडून इथं व्यापारी येत. त्यांनीही घरी गेल्यावर न पाहिलेल्या गोष्टी सांगितल्या असतील, असं मनाशी म्हणून पाहिलं. फारसं बरं वाटलं नाही.

सकाळी मी बशीरला म्हटलं होतं, आज मीही रोजा धरतो. त्याला कोण आनंद झाला. हा रोजा कशाची भरपाई म्हणून होता ते मी सांगितलं नाही, आणि भरपाईही नीट झाली नाही, कारण अकरा वाजता अम्माने हाक मारली.

बशीरच्या आईला सगळे अम्मा म्हणतात. ऐंशीच्या पुढची, काटक, इरकली लुगडं, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. वयामुळे आणि साखरेच्या गोळ्यांमुळे तिला रोजा माफ. घरात जेवणारे आम्ही दोघंच. तिने माझ्यापुढे ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, या भागातली) ठेवली. मी म्हणालो, माझा रोजा आहे.

"तुझा रोजा चुलीपशी आला की संपतू," ती म्हणाली. "मला एकटीला जेवण जात न्हाय. बस."

मी बसलो. दुसऱ्या भाकरीला तिने विषय काढला. बाशी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, बशीर भावाची जीप घेणार होता. सोनारीला जायचं ठरलं होतं. मी आलोच आहे तर वाट दाखवायला घरचा माणूस झाला. तिला यात्रेची गर्दी आता सोसवणार नव्हती, पण एकदा ती चिंच बघायची होती. तिच्या बापाने त्या चिंचेच्या खोडाला खिळा मारून बांगड्यांची माळ अडकवली होती आणि ती तिथं खाली गोणपाटावर निजायची. पार कसला बांधलाय, दगडी का शिमिटाचा, एवढंच तिने मला विचारलं.

सांगायची वेळ हीच होती. घरात कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, दगडी.

आणि तिसरी भाकरी घेतली.

ईदची सकाळ लख्ख होती. बशीर ईदगाहवर नमाजला गेला, तोवर मी अंगणात खुर्च्या मांडल्या. तो परत आला, गळाभेट झाली, आणि मग शिरखुर्म्याच्या वाट्या फिरू लागल्या. गल्लीतली हिंदू घरंही येऊन बसली. त्यांच्यात माने गुरुजी होते, इथल्या शाळेतले शिक्षक, शेजारीच राहणारे. ते हातात डबा आणि पाठीला पिशवी घेऊनच आले होते. काल सण नसताना घरी बसलो आणि आज सण असताना शाळेत चाललो, असं म्हणत त्यांनी दोन वाट्या संपवल्या.

बशीर भरात होता. त्याने मला सगळ्यांच्या मधे बसवलं आणि सांगायला लागला. या माणसानं एक वर्ष यात्रा चुकवली न्हाय. रमजान आला तरी मी म्हणायचो, जा, पाणी मी सोडतो. तवा ह्याचं निम्मं पुण्य माझ्या नावावर हाय, देवाच्या दारात मी वाटणी मागणार हाय. सगळे हसले. अम्मा दारात बसून ऐकत होती.

गुरुजींचा चेहरा खुलला. त्यांची सासुरवाडी परंड्याची, म्हणजे सोनारीच्या तालुक्याची. ते दर वर्षी खरोखर जात. त्यांनी माझ्याकडे खुर्ची वळवली आणि आपलं माणूस भेटल्यासारखं विचारलं, "काय म्हणतात माकडं?"

मी म्हणालो, "कुठली माकडं?"

अंगणात वाट्यांचा आवाज थांबला. मला नंतर कळलं ते असं, की सोनारीत माणसांइतकीच माकडं आहेत. देवळाच्या शिखरावर, दुकानांच्या पत्र्यावर, भाविकांच्या खांद्यावर. ती देवाची मानतात, कुणी त्यांना मारत नाही. सोनारीला जाऊन आलेला माणूस रथ विसरेल, माकडं विसरणार नाही. आणि मी इतक्या वर्षांत रथाच्या चाकाच्या आऱ्यांचंसुद्धा वर्णन केलं होतं, पण माझ्या सोनारीत एक माकड नव्हतं.

गुरुजी भला माणूस. त्यांनीच मला वाचवलं. म्हणाले, देवाचं ध्यान लागलं की माकडं कुठली दिसायला, आमचं ध्यान सगळं केळ्यांवर. पुन्हा हसू झालं आणि ते शाळेला गेले. बशीर हसला नाही. त्याने माझी वाटी भरली, काठापर्यंत भरली, आणि माझ्याकडे न बघता पुढे सरकवली.

दुपार उतरल्यावर तो मला नदीकडे घेऊन गेला. तेरणेत पाणी थोडंच होतं, कडेला दोन म्हशी बसल्या होत्या. आम्ही पुलाच्या कठड्याला टेकून उभे राहिलो. तो लहानपणी अम्माबरोबर एकदा सोनारीला गेला होता, एवढं मला आठवत होतं.

"शिंदे," तो म्हणाला, "तू माकडांचं कधीच बोलला न्हाईस. मला वाटायचं, कमी झाली असतील."

इतक्या विश्वासाने कुणी कुणाची बाजू घेऊ नये. मी म्हणालो, "बशीर, मी सोनारीला गेलो नाही."

"कोणत्या वर्षी?"

"कुठल्याच."

तो म्हशींकडे वळला. त्याने विचारलं, मग होतास कुठं. मी सांगितलं, घरी. काय करत. झोपलो होतो. रमजानातल्या त्या वर्षांत पण? मी मान हलवली. आमरसाचंही सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, एकदा भोक पडल्यावर टाकी रिकामीच होते.

मला वाटलं तो रोजाचं काढेल. त्याने ते काढलं नाही. म्हणाला, तू झोप मागितली असतीस तरी मी पाळी केली असती, झोप काय हराम न्हाय. पुढचं जे बोलला ते हळू बोलला.

"माझं सोड. तू अम्माला झाड दिलंस. तिनं ते खरं धरलंय. आता उद्या तिला तिथं काय दाखवू?"

मी म्हणालो, मी आजच सांगतो तिला. तो म्हणाला, आज ईद आहे, आज सांगायचं न्हाय. उद्या सांग. पण सोनारी यायच्या आत सांग. आणि घरापर्यंत तो माझ्या दोन पावलं पुढे चालला.

बाशी ईदला सकाळी अम्मा आमच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली होती. नवं लुगडं, डोळ्यात सुरमा, मांडीवर पिशवी. बशीर चालवायला, मी मागे. येडशीचा डोंगर उतरलो. तिकडचं रान वाळून पिवळं पडलं होतं, मधेच एखादा पळस पेटलेला. बार्शीत चहा घेतला, तिथं सांगणार होतो, पण टपरीवाल्याने रेडिओ मोठा लावला होता. मी सबबी शोधण्यात किती तरबेज झालो आहे ते मला त्या रेडिओपाशी कळलं. बशीर माझ्याशी एक शब्द बोलत नव्हता. अम्मा मात्र मला सारखं विचारत होती, आता डावीकडं का उजवीकडं. मी म्हणायचो, बशीरला विचारा.

"वाट दाखवाया आणलाय का वझं म्हणून?" ती म्हणाली.

परंड्याचा किल्ला दिसायला लागला तेव्हा बशीरने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. नुसता समोर बघत बसला. पुढे सोनारीच होती.

मी सांगितलं. मागच्या सीटवरून, तिच्या खांद्यामागून सांगितलं, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसत नव्हता. कधीच आलो नव्हतो, हे सांगितलं. रथ, गुलाल, रसाचा गाडा, सगळं मनाचं. पार मी बांधला. चिंच आहे की नाही मला ठाऊक नाही.

अम्मा म्हणाली, "आन् हा रोज्यात पाणी सोडायचा, तवा?"

"झोपलो होतो."

तिने वळून पाहिलं. "माझ्या चिंचेचं मला काय न्हाय. झाडं जात्यात. पर माझं लेकरू उपाशीपोटी तुझ्या वाट्याचं राबलं, त्येचं कसं करतूस सांग."

बशीर स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "अम्मा, माझं काय न्हाय, तुझंच..."

"तू गप. तुला न्हाय इचारलं."

दोघांपैकी स्वतःसाठी कुणीच भांडत नव्हतं. आई लेकासाठी, लेक आईसाठी. माफी मागायची तर ज्याच्याकडे तोंड करावं तो म्हणे, माझं राहू दे, तिची माग. मी दोघांच्या मधल्या गिअरकडे बघून माफी मागितली. तिने ती घेतली की नाही ते सांगितलं नाही. थोड्या वेळाने बशीरला म्हणाली, चल, उभा का राहिलास. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हंजी आज तूबी पहिल्यांदाच बघणार. बरं झालं, मीच दावते वाट."

सोनारी लहान आहे. उन्हात तापलेला रस्ता, नारळ-गुलालाची दुकानं, देवळाची दगडी तटभिंत, आणि माकडं. पहिलं माकड वेशीपाशीच एका मोटारसायकलच्या आरशात तोंड बघत बसलं होतं. त्याच्याकडे बघून मला कानकोंडं झालं, जणू इतकी वर्षं आमंत्रण चुकवलेला पाहुणा मी. मी फुटाण्यांची पुडी घेतली, ती देवळाच्या पायरीपर्यंतही पोचली नाही. माझ्या हातून ती एका म्हाताऱ्या माकडाने इतक्या रीतीने काढून घेतली की मी त्याला जवळजवळ धन्यवाद म्हणालो. अम्मा पदर तोंडाला लावून हसली. बशीरने हसू दाबलं, पण खांदे हलले.

मी आत जाऊन दर्शन घेतलं. देवापुढे फार बोललो नाही, त्याला सगळं माहीत होतं. अम्मा बाहेर तटाशी थांबली. मी आलो तेव्हा ती लांबूनच हात जोडून ओठातल्या ओठात काही म्हणत होती. ते कुणाला उद्देशून होतं ते मी विचारलं नाही.

मग चिंच शोधली. तिच्या आठवणीप्रमाणे देवळाच्या या अंगाला, तळ्याकडं जायच्या वाटेवर. तिथं चिंच नव्हती. तिथं फरशी घातलेली मोकळी जागा होती, उंच दिव्याचा एक खांब आणि गाड्या लावायला आखलेल्या पांढऱ्या रेघा. नारळ विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, होती चिंच, रस्ता रुंद केला तवा काढली, लई वर्षं झाली. पार? पार कधीच नव्हता, तो म्हणाला, आणि अम्माने माझ्याकडे एक कटाक्ष टाकला.

नारळवाल्याने खुर्ची दिली. ती त्या रेघांच्या मधोमध खुर्ची ठेवून बसली, एका गाडीच्या जागेवर. एक जीपवाला आला, हॉर्न वाजवला. बशीर त्याला काही सांगायला गेला तर अम्मा म्हणाली, त्येला म्हणावं थांब, मी आधी आलीय, सत्तर वर्षांमागं. बराच वेळ बसून होती. बाप कुठं बसायचा, गिऱ्हाईक कुठून यायचं, ते बोटाने दाखवत होती. बशीर तिच्या पायाशी फरशीवर बसून ऐकत होता. मी खांबाच्या सावलीत उभा होतो. ती सावली चिंचेची नव्हती, अगदीच बारीक होती, माझ्या खांद्याएवढी.

निघताना तिने फर्मान काढलं. तीन आठवड्यांनी यात्रा. मी खरोखर यायचं, आणि मग थेट तेरला येऊन तिला सांगायचं. फोनवर नाही, बशीरच्या तोंडून नाही. "जे बघशील तेच सांगायचं. वरचं घालायचं न्हाय."

मी गेलो. चैत्र वद्यात परत रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, कुलदैवताची यात्रा. साहेबांनी विचारलंही नाही, पाळी बदलायच्या अर्जात ते दर वर्षीच लिहीत होतो. बायकोने मात्र स्थानकापर्यंत सोडायला येऊन मी गाडीत चढेपर्यंत पाहिलं.

तिथून थेट तेर. अम्मा ओट्यावर वाट बघत होती, बशीर शेजारी. पाणी प्यायलो आणि सांगायला बसलो. ऊन फार होतं. रेटारेटीत माझी डावी चप्पल गेली. रथ निघाला तेव्हा मी चौकात होतो, पण पुढे माणसं खांद्यावर पोरं घेऊन उभी, त्यामुळे मला रथाचा फक्त कळस दिसला, तोही हलताना. चांगभलं ऐकलं, गुलाल डोळ्यात गेला, मग अर्धा तास काही दिसलं नाही. बांगड्यांची दुकानं होती, आता प्लास्टिकच्या जास्त. रसाचा गाडा होता, बंद होता. बस. एवढंच.

बशीरने उलटतपासणी घेतली. गाडी कुठून पकडली. दर्शनाची रांग कुठपर्यंत होती. नारळवाला म्हातारा होता का, काय म्हणाला. माकडं गर्दीत कुठं जातात. मी सांगितलं, शिखरावर, आणि तिथून माणसांकडे बघत बसतात, आपण त्यांच्याकडे बघतो तसं. त्याने मान हलवली. विश्वास होता तेव्हा हा माणूस मला काही विचारत नसे. आता प्रत्येक गोष्ट तपासून घेतो. ते योग्यच आहे, आणि मी हे का सांगतो आहे तर प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असण्याची चव मला त्या ओट्यावर पहिल्यांदा कळली.

अम्मा मात्र निराश दिसत होती. तिने बांगड्या मागेपुढे केल्या.

"एवढीच यात्रा?" ती म्हणाली.

"मला एवढीच दिसली, अम्मा."

"न जाता बरं सांगायचास की रं," ती म्हणाली.

तेव्हा बशीर हसला. ईदनंतर पहिल्यांदा, मोकळा, पंपघरात हसायचा तसा. हसू ओसरल्यावर म्हणाला, पुढच्या वर्षी मीच येतो बरोबर, ह्याच्या भरवशावर म्हातारीची यात्रा सपक होईल.

दुसऱ्या दिवशी एका नव्या चपलेच्या जोडावर घरी परतलो. अंगात थकवा होता, सुट्टी संपली होती, आणि झोप अजिबात झालेली नव्हती. प्रवासवर्णन लिहिणारे लोक परतल्यावर खूप काही मिळाल्याचं लिहितात. माझ्या हाती हलता कळस आणि डोळ्यातला गुलाल, एवढंच लागलं. पण बायकोने दार उघडून नेहमीचा पंख्याखालचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, माझे लाल डोळे पाहिले, आणि काही न विचारता पाणी आणायला आत गेली.